सायलेन्सर बदलला, पण पेट्रोलचा हिशेब?

बारावी झाली, लातूरला क्लास लावला किंवा नांदेडमध्ये कॉलेजला प्रवेश मिळाला की अनेक घरांत मोटारसायकल येते. बहुधा हप्त्यांवर. काही महिने गेले की मुलगा अब्बांकडे नवी मागणी घेऊन येतो : मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर. “पिकअप वाढतो,” एवढेच त्याचे म्हणणे असते. अब्बा रागावतात, अम्मी मधे पडतात आणि शेवटी काम गुपचूप होऊन जाते. आम्ही शिक्षक मंडळी वर्गात अशी मुले रोज पाहतो. नुसत्या रागाने ती ऐकत नाहीत, पण कारण समजावले तर ऐकतात. म्हणून ते कारण आई-वडिलांनीही समजून घ्यावे, यासाठी हा लेख.

इंजिन काय मागते?

इंजिनला हवा आणि पेट्रोल ठरावीक मापात लागते. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका ग्रॅमला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. सायलेन्सर आणि फिल्टर हे त्या मापाचेच भाग आहेत. कंपनी त्यांच्याकडे पाहूनच पेट्रोलचे प्रमाण ठरवते. धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी केली आणि हवा आत येण्याचे तोंड मोठे केले, तर इंजिनमध्ये हवा जास्त जाते. पेट्रोल मात्र जुन्याच मापाने येत राहते. मिश्रण पातळ होते. त्यामुळे इंजिन जास्त तापते, पिकअप देताना गाडी झटके खाते, आणि हे फार दिवस चालले तर व्हॉल्व आणि पिस्टनला इजा होते. रेस सोडल्यावर मागून जो फटफट आवाज येतो आणि मुलांना आवडतो, तो अनेकदा याच बिघडलेल्या मापाची खूण असतो.

मराठवाड्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. उन्हाळ्यात पारा चाळीशीच्या वर जातो, तेव्हा आधीच तापलेल्या इंजिनला पातळ मिश्रण अधिक जड जाते. आणि लोहा, अहमदपूर, चाकूर मार्गे लातूर गाठताना काळ्या मातीची धूळ कशी उडते, हे सांगायला नको. मूळ फिल्टर बंद डब्यात असतो, तो ही धूळ अडवतो. हलक्या प्रतीच्या उघड्या फिल्टरमधून बारीक धूळ आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा झिजवते.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला असे इंधन थोडे जास्त लागते. म्हणजे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण आधीच पातळीकडे झुकलेले असते. त्यात सायलेन्सर बदलला तर भरच पडते.

माप पुन्हा जुळवायचे तर

कार्बोरेटरच्या गाडीत मिस्त्री मोठा जेट बसवतो, स्क्रू फिरवतो आणि प्लगचा रंग पाहतो. प्लग पांढरा पडला तर पेट्रोल कमी, काळी काजळी धरली तर जास्त, बिस्किटासारखा तपकिरी असेल तर माप बरोबर.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आले. तिथे पेट्रोल किती सोडायचे हे छोटा संगणक ठरवतो. सायलेन्सरजवळचा ऑक्सिजन सेन्सर त्याला खबर देतो, पण ही दुरुस्ती मुख्यतः सावकाश, एकसारख्या चालीत होते. रेस पूर्ण पिळली की संगणक आत साठवलेल्या तक्त्यावरच चालतो. तो तक्ता मूळ सायलेन्सरसाठी बनवलेला असतो. म्हणून तो नव्याने लिहावा लागतो किंवा वेगळा फ्युएल बॉक्स जोडावा लागतो. गाडी यंत्रावर धावती ठेवून मोजमाप घेतल्याशिवाय हे काम नीट होत नाही. सायलेन्सरच्या किमतीवर हा खर्च वेगळा. एवढे करूनही लहान गाडीत ताकदीचा फरक थोडाच पडतो, आवाजाचा मात्र फार.

कायद्याची बाजू

माप अचूक जुळवले तरी गाडी रस्त्यावर कायदेशीर होत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराचे नियम मोडल्यास पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड आहे. मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर जबाबदारी थेट पालकांवर येते : पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. शिवाय अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो.

दंडापेक्षाही मोठी गोष्ट शेजाऱ्याच्या हक्काची आहे. गल्लीत कोणी आजारी असते, कोणाचे तान्हे बाळ नुकतेच झोपलेले असते, कोणी नमाजला उभे असते. आपल्या हौसेचा त्रास त्यांनी का सोसावा?

आता काय करावे?

बदल झाला असेल तर मूळ सायलेन्सर परत बसवा. तो भंगारात देऊ नका, कारण नव्या गाड्यांत धूर स्वच्छ करणारा महागडा भाग त्यातच असतो. फिल्टरचा मूळ डबाही परत लावा. जेट किंवा संगणकाचा तक्ता बदलला असेल तर तोही पूर्ववत करून घ्या, नाहीतर माप उलट्या बाजूने बिघडेल आणि पेट्रोल वाया जाईल. पिकअप खरोखर कमी वाटत असेल तर आधी फिल्टरची सफाई, प्लग, चेन आणि टायरची हवा तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

आणि मुलाला जेट, सेन्सर, तक्ता यांची खरीच ओढ असेल तर ती दाबू नका. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आपल्या कितीतरी घरांची रोजीरोटी गॅरेजवर चालते, आणि इंजेक्शनच्या गाड्या नीट समजणाऱ्या मिस्त्रीची गरज वाढतेच आहे. ज्या मुलाला इंजिनचे माप कळते, त्याला मोठ्या आवाजाची गरज उरत नाही.