विकासाचे अर्थशास्त्र: शिरापूरच्या नोंदी आणि शिकागोचे गणित

विकसनशील देशांतील दारिद्र्य, शेती, रोजगार आणि शिक्षण यांचा आर्थिक अंगाने विचार करणारी जी शाखा विकासाचे अर्थशास्त्र म्हणून ओळखली जाते, तिच्या उच्च शिक्षणाची मान्यवर केंद्रे आज प्रामुख्याने अमेरिकेत आणि युरोपात असली, तरी ज्या सामग्रीवर ही शाखा वाढली तिचा मोलाचा भाग भारतातील, आणि त्यातही महाराष्ट्रातील, गावांनी पुरवला आहे. आकडा कसा गोळा झाला हे ज्याला ठाऊक नाही त्याला त्यावरून काढलेल्या निष्कर्षाची मर्यादाही उमगत नाही, आणि म्हणून या शिक्षणाचा कस सिद्धान्ताइतकाच पाहणीच्या कामातही लागला पाहिजे.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांनी तेथून १९१५ साली एम.ए. आणि पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२३ साली डी.एस्सी. ही पदवी मिळवली. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा लंडनचा प्रबंध सर्वपरिचित आहे. पण विकासाच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावा तो भारतातील लहान शेतजमिनींवरचा १९१८ सालचा निबंध. शेतीचे तुकडे लहान असणे हा मूळ रोग नसून, जमिनीच्या मानाने माणसे फार आणि भांडवल अपुरे असल्याने शेतीत बरेच श्रम बिनकामी पडून राहतात, आणि त्यावर औद्योगिकीकरण हाच उपाय आहे, अशी मांडणी त्यात आहे. कामावर दिसणारी, परंतु काढून घेतली तरी उत्पादन घटणार नाही, अशा माणसांच्या या स्थितीला पुढे छुपी बेरोजगारी म्हटले गेले, आणि आर्थर लुईस यांचा अतिरिक्त श्रमशक्तीवरील गाजलेला लेख १९५४ सालचा आहे. विकासाच्या पाठ्यक्रमांत आंबेडकरांच्या निबंधाला लुईस यांच्या आधीचे स्थान मिळणे हे न्यायाचे होईल.

पुण्यात १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने पाहणीलाच संशोधनाचा पाया मानले. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ स्वतः केंब्रिजमध्ये शिकलेले होते. पण संस्थेचे नाव झाले ते वाई तालुक्यातील शेती-व्यवसायाच्या आणि पुणे शहराच्या पाहण्यांमुळे. याच परंपरेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा रोजच्या २२५० उष्मांकांची गरज भागवणारा खर्च ही त्यांनी दारिद्र्याची सीमारेषा धरली. माणसाच्या ताटात काय पडते यावरून धोरण तपासण्याचा हा आग्रह पुढील पिढ्यांना मिळालेला मोठा वारसा आहे.

दरम्यान हेग येथील सामाजिक अभ्यास संस्था (१९५२) आणि ससेक्समधील विकास अभ्यास संस्था (१९६६) यांनी विकास हा स्वतंत्र अध्ययनविषय म्हणून रुजवला, तर हार्वर्डच्या केनेडी स्कूलने १९९९ साली आंतरराष्ट्रीय विकासातील दोन वर्षांचा, गणितावर भर देणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने १९७५ साली सहा गावांची दीर्घकालीन पाहणी हाती घेतली, ज्यांपैकी शिरापूर आणि कळमण ही सोलापूर जिल्ह्यातील, तर कानझरा आणि किनखेडा ही अकोला जिल्ह्यातील होती. प्रत्येक गावात भूमिहीन मजुरांपासून मोठ्या शेतकऱ्यांपर्यंत ४० कुटुंबे निवडली गेली, आणि स्थानिक भाषा बोलणारा अन्वेषक गावातच राहून दर तीन-चार आठवड्यांनी त्यांच्याकडे जात असे. विकत आणलेले तेल-मीठ, घरच्या शेतातली ज्वारी, मजुरीचे दिवस, घेतलेले आणि फेडलेले कर्ज असा तपशील वर्षानुवर्षे त्याच घरांतून उतरवला गेल्याने जी सामग्री तयार झाली, तिला अर्थमितीत, म्हणजे आकडेवारीच्या साहाय्याने आर्थिक विधाने पडताळणाऱ्या शास्त्रात, पॅनल म्हणतात. शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट टाउनसेंड यांनी शिरापूर, कानझरा आणि तेलंगणातील औरेपल्ली यांच्या नोंदींवरून १९९४ साली असे दाखवले की एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न कोसळले तरी त्याचा उपभोग त्या प्रमाणात घटत नाही, म्हणजेच देवघेवीतून किंवा अन्य वाटांनी गावात जोखीम बरीचशी वाटून घेतली जाते. मात्र एका गावात भूमिहीनांना हा आधार कमी मिळत असल्याची चिन्हेही त्यांना दिसली. १९९७ साली मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधरी यांनी याच नोंदी पुन्हा तपासल्या आणि उपभोग मोजण्याच्या व पडताळणीच्या पद्धतीमुळे उत्पन्नाचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसला असा आक्षेप घेतला. सोलापूरच्या अवर्षणप्रवण भागातील घरात ज्वारी किती खाल्ली गेली आणि ती कशी मोजली, यावर जगातील एका अग्रगण्य नियतकालिकात वाद व्हावा, ही या ज्ञानशाखेला शोभा देणारीच गोष्ट आहे.

अलीकडच्या दोन-अडीच दशकांत यादृच्छिक नियंत्रित प्रयोग पुढे आले, ज्यांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या गटाला एखादी योजना देऊन उरलेल्या गटाशी तुलना केली जाते. मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत मागे पडलेल्या मुलांना शिकवणाऱ्या 'प्रथम' संस्थेच्या बालसखी उपक्रमाचे मूल्यमापन अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने केले, आणि मुलांच्या गुणांत सुधारणा झाल्याचे त्यांना आढळले. या पद्धतीने कार्यकारण स्वच्छ दिसते हे खरे. परंतु जमीनधारणा, जात किंवा औद्योगिकीकरण असे प्रश्न चिठ्ठ्या टाकून सुटणारे नाहीत, आणि तेथे गाडगीळांच्या पद्धतीची पाहणी व इतिहासाचे भान यांना पर्याय नाही.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी सूक्ष्म व स्थूल अर्थशास्त्र आणि अर्थमिती यांचे कठोर गणिती शिक्षण घ्यावे लागते, आणि त्यासाठी रेषीय बीजगणित व कलन यांची तयारी आधीच असावी लागते. नामांकित विद्यापीठांत पीएच.डी.ला सहसा शुल्कमाफी व निर्वाहवेतन मिळते, तर एम.ए.चा खर्च बहुतेकांना स्वतः उचलावा लागतो, त्यामुळे कर्ज काढण्यापूर्वी हा फरक ध्यानात घेतला पाहिजे. आजकाल प्रवेशाआधी एक-दोन वर्षे संशोधन सहायक म्हणून काम करण्याची रीत पडली आहे. या काळात संगणकावर तयार आकडे साफ करण्याखेरीज प्रश्नावली घेऊन गावोगावी फिरण्याचे कामही ज्याला मिळते, त्या विद्यार्थ्याने ते नाकारू नये, कारण 'गेल्या महिन्यात घरात किती ज्वारी लागली' या साध्या प्रश्नाला सासू एक आणि सून दुसरे उत्तर देते, तेव्हा मोजमापातील चूक कोठे शिरते हे त्याला तेथेच दिसते.