जुन्या शहाबादी फरशीची निगा

मुंबईतील अफगाण चर्चमध्ये इंग्लंडहून आणलेल्या नक्षीदार फरश्या दिसतात; परंतु निजामाच्या राज्यात असलेल्या नांदेड-लातूर परिसरातील जुन्या घरांच्या ओसरीत व माजघरात बहुधा आढळते ती शहाबादी फरशी, म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात शहाबादच्या आसपास निघणारा, सपाट थरांत सुटणारा चुनखडक. हा दगड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असल्याने आम्लाशी त्याची तत्काळ अभिक्रिया होते. म्हणून सिमेंटचे डाग काढण्यासाठी सर्रास ओतले जाणारे ॲसिड डागाबरोबर दगडाचा पृष्ठभागही खाते आणि फरशी खडबडीत व निस्तेज होते, हे घरमालकांइतकेच कारागिरांनीही ध्यानात घ्यायला हवे. सौम्य साबणाचे पाणी, मऊ ब्रश आणि धीर एवढ्यावर बराचसा मळ निघतो. ओरखडे खोल असतील तरच मशीनने घासून पॉलिश करावे लागते.

खरी गफलत होते ती लेप देताना. जुन्या जोत्यात ओल अडवणारा थर सहसा नसल्यामुळे जमिनीतील ओलावा फरशीतून व सांध्यांतून वर येऊन वाळत असतो, आणि त्यावर वार्निशासारखा चकचकीत थर चढवला, तर ओल खाली कोंडून क्षार साचतात व दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. त्याऐवजी छिद्रांत मुरणारा, पण वाफ बाहेर जाऊ देणारा सीलर फरशी पूर्ण वाळल्यावर, शक्यतो उन्हाळ्यात, पातळ लावून उरलेला लगेच पुसून घ्यावा. त्याने तेल-हळदीचे डाग सावकाश मुरतात, मात्र लिंबू-चिंचेचे आम्ल तोही अडवू शकत नाही.