खुडूक बसलेली आणि टोचा खाणारी

अंगणात मूठभर दाणे टाकले की आधी कोण खाणार, हे कोंबड्यांचं ठरलेलं असतं. थोराड, लाल तुऱ्याची एक मधोमध उभी राहते. दोघी-तिघी तिच्या आजूबाजूला टिपायला लागतात. एक मात्र भिंतीच्या कडेला मान उंच करून वाट बघते, आणि धीर करून पुढे आली की तिच्या डोक्यावर टोचा बसतो. काही दिवसांनी तिच्या मानेवरची पिसं गळालेली दिसतात. मग घरचे तिला अशक्त म्हणतात, टोचणारीला खाष्ट म्हणतात. त्याच कळपातली तिसरी अंडी द्यायची सोडून रिकाम्या टोपल्यात फुगून बसलेली असते, ती आळशी ठरते. या तिन्ही कोंबड्यांवर अन्याय होतो.

पांढुर्णा आणि सौंसर हा मध्य प्रदेशातला मराठी बोलणारा पट्टा. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. संत्रा आणि कापूस ही इथली ओळख असली, तरी अनेक घरांच्या मागे पाच-दहा कोंबड्या असतातच. अडीनडीला विकायला अंडी, पाहुणा आला की कोंबडा, असा हा हाताशी असलेला पैसा. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात परसातले कुक्कुटपक्षी ३१ कोटी ७० लाखांच्या घरात होते आणि आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. इतक्या घरांशी जोडलेला हा पक्षी आपल्याला नीट ओळखीचा मात्र नाही.

कळपातल्या उतरंडीचा पहिला शास्त्रीय अभ्यास थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन माणसाने केला. लहानपणापासून तो कोंबड्यांच्या नोंदी ठेवत असे. कोण कोणाला टोचतं आणि कोण मुकाट सरकतं, हे त्याने एकेका पक्ष्याला ओळखून टिपलं आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध केलं. प्रत्येक जोडीत एक वरचढ असते आणि ते एकदा ठरलं की भांडण थांबतं, हे त्यातून पुढे आलं. म्हणजे उतरंड ही शांततेची सोय आहे. ती विस्कटली की रक्त निघतं.

म्हणूनच जखम कुठे आहे ते आधी बघावं. डोक्यावर, तुऱ्यावर घाव असतील तर तो मानाचा झगडा समजावा. पाठ, शेपटीचं मूळ किंवा गुदद्वाराजवळची पिसं उपटलेली असतील तर कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. कोंबडीची चोच दिवसभर माती उकरण्यासाठी, किडा-मुंगी टिपण्यासाठी घडलेली. तिला दाटीत कोंडलं आणि उकरायला काहीच नसलं की तीच चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. खाण्यात प्रथिनं किंवा मीठ कमी पडलं तरी हेच होतं. नुसत्या मक्याच्या कण्यांवर ठेवलेल्या कळपात ढेप, वाळवी, शेवग्याचा पाला यांची भर घालावी. कोंडलेल्या पक्ष्यांपुढे पालेभाजीची जुडी उंचावर टांगली तरी चोचीला काम मिळतं.

रक्त दिसलं की मात्र थांबू नये. लाल रंगाकडे कोंबड्या धावतात आणि एकीने सुरू केलेलं सगळा कळप पुरं करतो. जखमी पक्षी त्याच क्षणी बाजूला काढावा, जखम धुवावी आणि ती सुकेपर्यंत त्याला जाळीच्या पलीकडे ठेवावं, म्हणजे कळपाला त्याचा विसर पडत नाही. टोचणारी एकच असेल तर तिलाच चार-पाच दिवस कळपाबाहेर ठेवणं जास्त उपयोगी पडतं. ती परतते तेव्हा जुनी जागा भरलेली असते आणि तिचा तोरा उतरतो. दाण्याची भांडी दोन-तीन आणि एकमेकांपासून लांब असावीत, एका भांड्यावर राज्य करणं सोपं असतं. चोच कापणं हा कोंडलेल्या व्यापारी कळपांतला इलाज आहे. मोकळ्या अंगणात त्याची गरज पडू नये.

सगळ्यात जास्त मारामारी नवीन पक्षी आणल्यावर होते. बाजारातून आणलेली तलंग थेट कळपात सोडणं दोन्ही अर्थांनी घातक, कारण ती मानमोडीही घेऊन येऊ शकते. दोन-तीन आठवडे तिला वेगळी ठेवावी. मग काही दिवस जाळीआडून ओळख होऊ द्यावी आणि शेवटी अंधार पडल्यावर खुराड्यात सोडावी. एकटी सोडण्यापेक्षा दोघी सोडाव्यात, मार वाटला जातो.

आता खुडूक कोंबडीकडे वळू. देशी कोंबडी दहा-पंधरा अंडी देते आणि बसते. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक तिच्या रक्तात वाढलेलं असतं. अंडी देणं थांबतं, पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी पडते, हात नेला तर ती फुगून ‘कुर्रर्र’ करते आणि टोचते. खाण्यापाण्यासाठी ती दिवसातून एखाद्या वेळी उठते, वजन घटतं. तिच्या रानातल्या पूर्वजांचा वंश याच चिकाटीवर टिकला. लेगहॉर्नसारख्या जातींतून माणसाने निवड करकरून ही सवय जवळजवळ घालवली, तेव्हा कुठे ती वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देऊ लागली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया या कोंबड्याही सहसा बसत नाहीत. झाबुआचा कडकनाथ, ज्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तोही बसण्यात कच्चाच. त्यांची अंडी उबवायला शेवटी देशी कोंबडीच लागते.

खुडूक मोडायची म्हणून तिला पाण्यात बुचकळतात, नाकपुडीतून पीस ओवतात. ही क्रूर पद्धत बंद व्हायला हवी, कारण सोपा उपाय घरातच असतो. संत्र्यांचं जाळीदार कॅरेट विटांवर उचलून ठेवावं, त्यावर दुसरं पालथं घालावं आणि आत कोंबडी, दाणा, पाणी. गवत, भुसा काही नको. खालून वारा लागून पोट थंड राहतं, घरट्याची ऊब मिळत नाही आणि तीन-चार दिवसांत बहुतेक कोंबड्या भानावर येतात. कॅरेट सावलीत हवं, आणि बसायला लागल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच हे केलं तर लवकर साधतं.

मोडायचं की बसवायचं, हे इथल्या ऋतूने ठरवावं. वैशाखाच्या उन्हात साठवलेल्या अंड्यातला जीव कोंबडीखाली जाण्याआधीच अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. शिवाय बंद कोपऱ्यात बसलेल्या कोंबडीलाही ऊन बाधतं. तेव्हा मोडलेलं बरं. हिवाळ्यात मात्र बसवावी. आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी निवडून त्यांच्यावर कोळशाने खूण करावी, नाहीतर इतर कोंबड्या त्यातच नवी अंडी घालतात आणि तारखांचा घोळ होतो. टोपल्यात तळाशी थोडी राख आणि कडुनिंबाचा पाला घालावा, उवांचा त्रास कमी होतो. सातव्या रात्री अंडं बॅटरीच्या उजेडावर धरलं की आत कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसतात. ज्यात त्या नाहीत ते काढून टाकावं. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात.

इथे पुन्हा टोचाटोचीचा प्रश्न येतो. तीन आठवडे आडोशाला बसलेल्या आईची कळपातली जागा गेलेली असते. तिचं टोपलं कळपाच्या नजरेत पण जाळीआड ठेवलं असेल तर परतणं सोपं जातं. पिल्लं अंगाखाली असेपर्यंत ती घारीवरही धावून जाते. पुढे काही आठवड्यांनी ती स्वतःच त्यांना हुसकावू लागते आणि पुन्हा अंड्यावर येते. तेव्हा पिल्लं उतरंडीच्या अगदी तळाशी असतात. त्यांचा दाणा अशा जाळीखाली ठेवावा, जिच्या फटीतून तीच आत शिरतील आणि मोठ्यांची मान पोचणार नाही. ती अंगापिंडाने भरेपर्यंत ही जाळी काढू नये.