टांझानाइट

पूर्व आफ्रिकेतील टांझानिया देशात, किलिमांजारो पर्वतापासून जवळच, मेरेलानी नावाच्या टेकड्या आहेत. तेथील काही किलोमीटरांच्या पट्ट्यात १९६७ साली निळ्या-जांभळ्या रंगाचे एक रत्न सापडले. देशाच्या नावावरून त्यास टांझानाइट म्हणू लागले. पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र कोठेही त्याची खाण नाही.

या खाणी फार खोल आहेत. २००८ साली पावसाचे पाणी आत शिरून अनेक कामगार बुडून मेले. उलट २०२० साली सानिनिऊ लायझर या खाणमालकाचे दैव उघडले. त्यास दोन प्रचंड खडे मिळाले; मोठ्याचे वजन ९.२७ किलोग्रॅम होते.

मौज अशी, की खाणीतून निघालेला खडा बहुधा तपकिरी असतो. त्यात व्हॅनेडियम धातूचा किंचित अंश असतो. सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, की तपकिरी छटा लोपते आणि निळाई उजळते. ती पुढे कायम राहते. मग तोच खडा एका बाजूने निळा, तर दुसऱ्या बाजूने जांभळा दिसतो!

अशी आच सोसलेले रत्न कणखर असेल, असे वाटते. परंतु ते गारेहूनही मऊ असते. धुळीत गारेचे सूक्ष्म कण असतात; म्हणून कोरड्या फडक्याने पुसल्यासही त्यावर चरे उठतात. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कुंचला एवढेच त्याच्या स्वच्छतेस पुरते. एकाएकी तापले वा गार झाले तर ते तडकते, आणि आघाताने दुभंगतेही. यास्तव जाणते लोक ते रोजच्या अंगठीत न बसविता कर्णभूषणांत बसवितात.