खोली घेण्याआधी रस्ता पाहा

गावाकडून पुष्कळ जण कामासाठी भोसरीला, पिंपरीला, चाकणला जातात. काम मिळते. मग खोली शोधायची. खोली पाहताना आपण काय पाहतो? भाडे किती, पाणी किती वेळ येते, संडास आत आहे की बाहेर. हे पाहायलाच हवे. पण ज्याला सायकलने कामावर जायचे आहे, त्याने खोलीपासून कारखान्यापर्यंतचा रस्ताही पाहावा.

आमच्या ओळखीचा एक गडी चाकणला कामाला लागला. मोशीला त्याला स्वस्त खोली मिळाली. खोली पाहायला तो गुरुवारी गेला. "आई, रस्ता झकास हाय," असे घरी सांगून त्याने अनामत रक्कम भरून टाकली. शुक्रवारी पहाटे सायकल काढली, तर पुणे-नाशिक रस्त्यावर ट्रेलरमागे ट्रेलर! एका भोंग्याला दचकून तो कडेच्या खडीत घसरला. पुढे महिनाभरात खोली सोडली. अनामतही गेली.

त्याचे चुकले कुठे? पिंपरी-भोसरीकडच्या पुष्कळ कारखान्यांची आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्याने सुट्टीचा रस्ता पाहिला. तुम्ही कामाच्या दिवशी जा. कुणाची तरी सायकल मागून घ्या. पाळी भरते त्या वेळेला निघा आणि सुटते त्या वेळेला परत या. दुसरी पाळी असेल तर अंधारात या. दिवे कुठे आहेत, कुत्री कुठे अंगावर येतात, ते तेव्हाच कळते.

जाताना डाव्या कडेकडे लक्ष ठेवा. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर चाक चालेल इतकी जागा आहे का? डांबर संपते तिथे वीतभर खोल तर नाही ना? पावसात तिथे पाणी साचते आणि खड्डा दिसत नाही. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने असतील तर चाक अडकते. शहरात काही रस्त्यांना सायकलसाठी वेगळी पट्टी आहे. तिच्यावर गाड्या उभ्या असतात का, तेही पाहा.

सगळ्यांत मोठा धोका फाट्यावर असतो. ट्रेलरचा ड्रायव्हर उंच बसतो, आणि उजवीकडे बसतो. त्याच्या डाव्या दाराजवळची सायकल त्याला दिसतच नाही. शिवाय ट्रेलर डावीकडे वळला, की मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत. ती आत, कडेला घासून येतात. तिथेच सायकलवाला सापडतो. म्हणून आमचे मत असे, की किलोमीटर मोजू नका, फाटे मोजा. दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतील, पण ट्रेलर वळणारे फाटे कमी असावेत. गावातून आतला रस्ता असेल तर विचारा. मात्र त्यावर गोदाम असले, तर तिथेही ट्रेलर शिरतात. हे चहावाल्यापेक्षा पंक्चरवाल्याला चांगले ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ती म्हणजे सूर्य. घर कारखान्याच्या पश्चिमेला असेल तर सकाळी जाताना ऊन डोळ्यांवर येते आणि संध्याकाळी परततानाही येते. तुम्हाला खड्डा दिसत नाही, आणि मागच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. घर पूर्वेला असेल तर दोन्ही वेळा सूर्य पाठीशी. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. तो सकाळी जाताना अंगावर घ्यावा लागतो, पण पाळी करून थकलेल्या माणसाला घरी येताना तोच मागून ढकलतो.

घरातली मुलगी सायकलने शाळेत जाणार असेल, तर शाळेचा रस्ताही असाच पाहा. तिलाही बरोबर घ्या. तिला कुठे भीती वाटते, ते तीच सांगेल.

तो गडी आता चाकण गावात राहतो. कारखाना पश्चिमेला, खराबवाडीच्या बाजूला आहे. तळेगाव रस्त्यावर गर्दी असतेच, पण त्याला थोडेच जायचे असते. भाडे मोशीपेक्षा जास्त पडते. सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे दिवा त्याने पहिल्या पगारातच लावून घेतला.