ज्वारीच्या दाण्याएवढ्या गांठीचा शोध

चेहरा वाटोळा व लालसर होणें, पोट सुटून हातपाय मात्र वाळणें, पोटावर जांभळे रुंद पट्टे उमटणें, तरुण वयांत रक्तदाब व मधुमेह जडणें, या खुणा एकत्र दिसल्या तर तें अंग सुटणें नव्हे, रोग आहे. शरीरांत कॉर्टिसॉल नांवाचा स्राव वाजवीपेक्षां अधिक झाल्याचीं तीं लक्षणें होत. अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग यांनीं अशा रोग्याचें वर्णन १९१२ सालीं प्रसिद्ध केलें, आणि १९३२ सालीं रोगाचें मूळ मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथींतील गांठींत दाखविलें.

परंतु शोधाचा आरंभ मेंदूच्या चित्रापासून करूं नये. गुडघेदुखीवर वा दम्यावर घेतलेल्या औषधांत स्टिरॉइड असल्यास हीच लक्षणें होतात. म्हणून प्रथम औषधांची चौकशी. नंतर चोवीस तासांच्या लघवीची, मध्यरात्रींच्या लाळेची, किंवा रात्रीं डेक्सामेथासोनची गोळी देऊन सकाळीं रक्ताची तपासणी. कॉर्टिसॉल अधिक ठरल्यावर रक्तांतील ए.सी.टी.एच. पाहतात. तें अगदीं कमी असेल तर दोष मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींत. नसेल तर पीयूषिकेंत, अथवा क्वचित् फुफ्फुसासारख्या दुसऱ्या ठिकाणीं.

पीयूषिका वाटाण्याएवढी, तींतील गांठ पुष्कळदां ज्वारीच्या दाण्याएवढी. एम.आर.आय.च्या वेळीं शिरेंतून गॅडोलिनियम देतात. निरोगी भाग तें लवकर शोषतो, गांठ सावकाश. तो थोड्या वेळेपुरता फरक मिलिमीटरभर जाडीच्या छेदांत टिपावयाचा असतो. तरीही कांहीं ठिकाणच्या अनुभवांत शेंकडा ४० पर्यंत रोग्यांत गांठ दिसलीच नाहीं. उलट, निरोगी माणसांपैकीं दहांत सुमारें एकाच्या ग्रंथींत निरुपद्रवी ठिपका आढळतो. ठिपका दिसला म्हणजे चोर सांपडला, असें नव्हे.

अशा वेळीं पांझरेकांठच्या शेतकऱ्याची रीत उपयोगी पडते. फडाच्या शेवटीं गढूळ पाणी आलें तर तो पाटानें वर जाऊन मूळ पाहतो. त्याचप्रमाणें जांघेंतील शिरांतून बारीक नळ्या कवटीच्या तळाशीं, ग्रंथीचें रक्त वाहून नेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या शिरांपर्यंत नेतात आणि तेथील व हातांतील रक्त एकाच वेळीं घेतात. वरील रक्तांत ए.सी.टी.एच. हातांतल्याच्या दुप्पट, किंवा उत्तेजक औषधानंतर तिप्पट असलें, तर उगम पीयूषिकेंतच ठरतो. डावी-उजवी बाजू मात्र या परीक्षेनें सुमारें तीनांत एकदां चुकते. म्हणून एवढ्यावरच विसंबून चालत नाहीं.

ही काळजी व्यर्थ नाहीं. शस्त्रक्रिया नाकावाटे होते. गांठ राहिली तर रोग राहतो. निरोगी ग्रंथि अधिक कापली गेली तर जन्मभर संप्रेरकांच्या गोळ्या आणि कदाचित् अपत्यसुखालाही मुकणें. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयांतील अंतःस्राव-विभागानें या रोगावरील आपले अनुभव प्रसिद्ध केले आहेत. अशा अनुभवी हातांचें महत्त्व येथें फार. पण पहिला संशय जळगांव-धुळ्याच्या दवाखान्यांतच यावयास हवा. खानदेशांतून मुंबईस निघणाऱ्या रोग्यानें जुने अहवाल, मूळ चित्रें, घेतलेल्या प्रत्येक औषधाची नोंद आणि जमल्यास आजारापूर्वींचें एखादें छायाचित्र बरोबर न्यावें. चेहऱ्यांतील पालट त्याच्यावरून तज्ज्ञाच्या चटकन ध्यानीं येतो.