लोकलने लेण्यांकडे : पुण्याहून भाजे आणि कार्ले

शालेय सहलीचा विषय निघाला की पहिली चौकशी होते ती बसच्या भाड्याची. वर्गणीचा आकडा घरोघरी पोहोचतो आणि ज्यांच्या पालकांना ती देणे शक्य नसते, ती मुले सहलीच्या दिवशी घरीच राहतात. पुणे शहर व परिसरातील शाळांना तरी हे टाळता येण्यासारखे आहे. पुणे-लोणावळा मार्गावर १९७८ पासून उपनगरी गाड्या धावत आहेत. लोणावळ्याच्या अलीकडील स्थानक मळवली. त्याच्या दक्षिणेस भाजे आणि उत्तरेस कार्ले अशी सह्याद्रीतील दोन नामांकित लेणी आहेत. दुसऱ्या वर्गाचे जाण्यायेण्याचे भाडे साध्या राईस प्लेटपेक्षाही कमी पडते. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांसाठी प्रवेशशुल्क नाही.

आधी भाजे आणि मग कार्ले, हा क्रम शक्यतो मोडू नये. मळवलीहून द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गावातून गेले की अर्ध्यापाऊण तासात लेण्यांच्या पायऱ्या लागतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात येथील कोरीव कामास प्रारंभ झाला. लाकडी इमारतीची रीत कारागिरांच्या हातात इतकी मुरलेली होती, की चैत्यगृहातील सत्तावीस अष्टकोनी खांब त्यांनी आत झुकते कोरले. लाकडी खांबांना छताचा भार पेलण्यासाठी असा कल द्यावा लागतो. पाषाणाला त्याची काहीच आवश्यकता नव्हती. दर्शनी भागातील लाकूडकाम आज राहिलेले नाही, परंतु ते बसविण्यासाठी केलेल्या खाचा दिसतात. पलीकडच्या विहारात सूर्य व इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पे आहेत. त्याच ठिकाणी नर्तकी आणि तिच्याशेजारी चर्मवाद्य वाजविणारी स्त्रीही कोरलेली आहे. मुले येथे बराच वेळ रेंगाळतात आणि शिक्षकांनी त्यांना रेंगाळू द्यावे.

कार्ल्यास जाण्यासाठी पुन्हा मळवलीस येऊन, इंद्रायणी ओलांडून जुन्या महामार्गावरील कार्ला फाटा गाठावा. तेथून वेहेरगावच्या पायथ्यापर्यंत रिक्षा मिळते. एकवीरा देवीचे मंदिर लेण्यांच्या दारातच असल्याने चैत्री यात्रेचे दिवस व रविवार सहलीसाठी टाळलेले बरे.

कार्ल्याचे चैत्यगृह देशातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे होय. त्याची लांबी सुमारे ३८ मीटर आहे. येथे खांब सरळ उभे आहेत. दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी पंधरा खांबांना घटाकार बैठक आणि हत्तींवर आरूढ युगुले आहेत, तर स्तूपामागील सात खांब अगदी साधे. छताखालच्या लाकडी कमानी मात्र मूळच्या आहेत. भाज्याचे झुकते खांब ज्याने सकाळी पाहिले, त्याला येथे काही समजावून सांगावे लागत नाही. लेण्याचे तोंड पश्चिमेस असल्याने दुपारनंतर मोठ्या गवाक्षातून उजेड स्तूपापर्यंत येतो. दुसऱ्या टप्प्यात कार्ले ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

हे काम कोणा एका राजाच्या तिजोरीतून झालेले नाही. भिंतींवरील व खांबांवरील ब्राह्मी लेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याच्याबरोबरच धेनुकाकट येथील सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, एक सुतार आणि यवन म्हणविणारे काही दाते आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी दरवाजा. पंचायतीच्या कारभारात लोकवर्गणीचा हिशेब ठेवणाऱ्यांना ही यादी विशेष परिचयाची वाटेल.

पैशापेक्षा या सहलीत वेळेची आखणी अधिक कसोटीची आहे. दुपारच्या वेळी लोकल विरळ असतात, म्हणून निघण्यापूर्वी परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात. परतताना फाट्यावरून थेट लोणावळ्यास जाणे सोयीचे. गाडी तेथूनच सुटत असल्याने मुलांना बसण्यास जागा मिळते. एका वेळी एकच वर्ग न्यावा. दोनशे मुले घेऊन लोकलमध्ये चढणे हे धाडस नव्हे, अविचार होय. भाज्याहून लोहगडाकडे वाट जाते आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या किल्ल्यांत तो असल्याने तेथे जाण्याचा मोह होणे साहजिक आहे, परंतु त्यासाठी दुसरा दिवस काढावा.

पावसाळ्यात विशेष सावधगिरी हवी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून जाऊन मृत्यू पावले. १५ जून २०२५ रोजी याच मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी लोक सहलीसाठीच आले होते. भाज्याच्या वाटेवरही पावसात ओहोळ फुटतात. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये आणि शक्य असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा.

बसने येणाऱ्यांचे पाणी व डबे बसमध्ये राहतात. लोकलने येणाऱ्या मुलांना सारे पाठीवर वाहावे लागते. पायथ्याच्या गावांनी पिण्याच्या पाण्याचा नळ आणि मुलींसाठी स्वच्छ, कडी लागणारे स्वच्छतागृह एवढे जरी सदैव चालू ठेवले, तरी कमी खर्चात येणाऱ्या शाळांची मोठी अडचण दूर होईल.